अस्वलांत कोण पुढे, व्हिएन्ना की सॅन दिएगो?

परवा रात्री पेपर तपासत बसले होते, तर भाच्यानं मोबाइल थेट माझ्या नाकासमोर धरला. "मावशी, लवकर सांग. अस्वलांत कोण? व्हिएन्ना की सॅन दिएगो?"

"अरे बाप्पा, मी कुठं गेले दोन्हीकडे?"

"मी तरी कुठं गेलो? फोटो पाहून सांग ना. बारा वाजता मतदान बंद होऊन राह्यलं."

भाचा बारावीत आहे, शिकवणीसाठी आमच्याकडे नागपुरात काटोल रोडला राहतो. त्याची फिजिक्सची वही मागून उघडली की वेगळंच शास्त्र सुरू होतं. चौकटी, बाण आणि चौकटींत नावं: बर्लिन, प्राग, सिंगापूर, न्यूयॉर्कचं ब्राँक्स, इंग्लंडचं चेस्टर. जगातल्या प्राणिसंग्रहालयांचा विश्वचषक! या विषयाचे शौकीन ऑनलाइन जमतात, दोन संग्रहालयं समोरासमोर ठेवतात, एक विषय ठरवतात (अस्वलं, पक्षी, सरपटणारे प्राणी, काहीही), काही दिवस कचाकचा भांडतात आणि मग मतं देतात. हरणारं घरी जातं, जिंकणारं पुढच्या फेरीत. असं करत करत एक उरतं.

ऐकायला पोरखेळ वाटतो. मी कॉलेजात सांख्यिकी शिकवते, त्यामुळे त्या वहीत मी वेगळ्याच कारणानं अडकले. "यातलं सगळ्यात चांगलं कोणतं" हे मतं मोजून ठरवायला गेलं की कुठंकुठं पाय घसरतो, ते वर्गात सांगताना माझे दोन-दोन तास जातात, आणि निम्मा वर्ग तेव्हा खिडकीबाहेर पाहत असतो. इथं ते सगळं आयतं मांडलेलं होतं, वर अस्वलांसकट.

सामने किती लागतात?

बत्तीस संग्रहालयं घेतली आणि 'हरेल तो बाहेर' असा नियम ठेवला, तर सामने किती होतील? मुलं लगेच सोळा अधिक आठ अधिक चार करायला लागतात. तेवढी मेहनत नको. एक सामना एकालाच घरी पाठवतो आणि आपल्याला एकतीस जणांना घरी पाठवायचं आहे, म्हणून सामने ३१.

या पद्धतीत एक वाईट आठवडा नडतो. प्राग घोड्यांत दादा, पण पहिल्याच फेरीत विषय निघाला समुद्री मासे, की खेळ खलास. त्याऐवजी प्रत्येकाला प्रत्येकाशी भिडवायचं म्हटलं तर ४९६ सामने होतात. रोज एक धरला तरी एक वर्ष चार महिने. तोवर भाचा इंजिनिअरिंगला जाऊन पहिल्या सेमिस्टरला गचकलेला असेल. म्हणून मधला रस्ता काढतात: चार-चारचे आठ गट, गटात सहा सामने, म्हणजे ४८; प्रत्येक गटातले दोघे पुढे, त्या सोळांच्या बाद फेरीचे १५, आणि तिसऱ्या क्रमांकासाठी एक. झाले ६४. पुरुषांचा फुटबॉल विश्वचषक १९९८ पासून २०२२ पर्यंत याच गणितावर चालला.

सोडत उघडी ठेवली तर दोन तगडी नावं पहिल्याच आठवड्यात एकमेकांना भिडू शकतात. ते टाळायला मानांकन देतात. मानांकन द्यायचं ते मागच्या निकालावरून, आणि मागच्या निकालात सोडतीचा हात होताच. एकदा वर चढलेल्याला पुढच्या वेळी सोपी वाट मिळते, सोपी वाट मिळाली की तो पुन्हा वर. हे आपल्याकडे फक्त खेळातच होतं असं नाही, पण तो विषय नको.

पाच गुणांची वाटणी

साधं एक मत दिलं तर "किंचित बरं" आणि "कितीतरी बरं" यांतला फरक पुसला जातो. त्यावर उपाय म्हणून प्रत्येक मतदाराला पाच गुण देता येतात. ते त्यानं ५-०, ४-१ किंवा ३-२ असे वाटायचे. पाच हा विषम आकडा, त्यामुळे कुंपणावर बसायची सोय राहत नाही.

आता समजा सामना प्राग विरुद्ध बर्लिन आहे आणि मतदार चार. तिघांना प्राग थोडंसं बरं वाटतं, ते ३-२ देतात. चौथा बर्लिनवर फिदा आहे, तो ५-० देतो. डोकी मोजली तर प्राग तीन विरुद्ध एकनं जिंकलं. गुण मोजले तर प्राग ९, बर्लिन ११. मतं तीच, माणसं तीच, आणि विजेता वेगळा.

विदर्भाच्या माणसाला हे फार समजावून सांगावं लागू नये. २०२४-२५ चा रणजी अंतिम सामना इथंच जामठ्याला झाला. विदर्भ विरुद्ध केरळ, आणि सामना सुटला अनिर्णित. तरी चषक आपल्याकडे आला, कारण पहिल्या डावात विदर्भाच्या ३७९ आणि केरळच्या ३४२ होत्या, आणि ३७ धावांच्या त्या आघाडीवर विजेता ठरवायचा असा नियम आधीपासून लिहिलेला होता. आपण फटाके फोडले तेव्हा नियमावली कुणी उघडून बघितली होती? पण चषक तिनंच दिला.

गुणांच्या वाटणीत एक चोरवाट आहे. मनात ३-२ असताना ५-० द्यायचं, म्हणजे आपलं मत जड होतं. सगळ्यांना ही युक्ती कळली की सगळेच ५-० देतात आणि गाडी पुन्हा साध्या मतावर येते. याला मला माहीत असलेला एकच चांगला उतारा म्हणजे मतासोबत कारण लिहायची सक्ती. "कारण आवडतं" असं लिहून ५-० देणाऱ्याला इतर लोक खोदून खोदून विचारतात, आणि माणूस लाजेकाजेनं ४-१ वर येतो.

तिघांचं घर, आणि कुणीच पहिलं नाही

आता खरा गुंता. घरात तीन मतदार आहेत असं धरा: आत्या, मामा आणि भाची. संग्रहालयंही तीनच.

आत्याला सिंगापूर सगळ्यात आवडतं, मग व्हिएन्ना, मग सॅन दिएगो. मामाला आधी व्हिएन्ना, मग सॅन दिएगो, मग सिंगापूर. भाचीला आधी सॅन दिएगो, मग सिंगापूर, शेवटी व्हिएन्ना. तिघांचीही डोकी ठिकाणावर आहेत, प्रत्येकाचा क्रम सरळ आहे.

सिंगापूर विरुद्ध व्हिएन्ना लावा. आत्या आणि भाची सिंगापूरकडे, सिंगापूर जिंकलं. व्हिएन्ना विरुद्ध सॅन दिएगो लावा. आत्या आणि मामा व्हिएन्नाकडे, व्हिएन्ना जिंकलं. म्हणजे सिंगापूर हे व्हिएन्नाहून चांगलं, व्हिएन्ना हे सॅन दिएगोहून चांगलं; मग सिंगापूरनं सॅन दिएगोला सहज लोळवायला हवं ना? लावून पाहा. मामा आणि भाची सॅन दिएगोकडे जातात, आणि सिंगापूर हरतं.

गोल फिरून आपण पहिल्या जागी. कागदावर स्वतः मांडून बघा, डोक्यात धरू नका, तिसऱ्या ओळीला हमखास सुटतं.

बाद फेरीत याचा परिणाम मजेशीर होतो. तिघांपैकी दोघे आधी खेळणार आणि तिसरा थेट अंतिम सामन्यात. सिंगापूर आणि व्हिएन्ना आधी खेळले, तर चषक सॅन दिएगोला. व्हिएन्ना आणि सॅन दिएगो आधी खेळले, तर सिंगापूरला. सॅन दिएगो आणि सिंगापूर आधी, तर व्हिएन्नाला. जो बाहेर बसून चहा पीत होता तोच दर वेळी जिंकतो. म्हणजे इथं चषक देतो तो वेळापत्रक आखणारा.

ही भानगड फ्रान्सच्या कोंडोर्से या गणितीनं १७८५ मध्ये लिहून ठेवली आहे. बिचारा राज्यक्रांतीच्या धामधुमीत मार्च १७९४ मध्ये कैदेत असताना गेला. त्याच वर्षी पॅरिसच्या जार्दां दे प्लांत या बागेत लोकांसाठीचं प्राणिसंग्रहालय उभं राहत होतं, आणि त्यात व्हर्सायच्या राजवाड्यातले उरलेसुरले प्राणी आणले जात होते. ते संग्रहालय अजून चालू आहे, भाच्याच्या वहीत 'ड' गटात.

पुढे १९५१ मध्ये केनेथ अ‍ॅरो या अमेरिकन अर्थशास्त्रज्ञानं त्यावर कळस चढवला. पर्याय तीन किंवा जास्त असतील आणि लोक आपापला पसंतीक्रम देत असतील, तर तीन साध्या अपेक्षा ठेवा. सगळ्यांना क हे ख पेक्षा आवडत असेल तर निकालातही क वर असावं. क आणि ख यांच्यातला निकाल फक्त त्या दोघांबद्दलच्या मतांवर ठरावा, मधेच ग चं काय झालं यावर नाही. आणि कुणा एकाची हुकूमशाही नसावी. मतं कशीही पडोत, या तिन्ही अपेक्षा पाळून दर वेळी सरळ क्रमवारी देईल अशी पद्धत असूच शकत नाही, हे अ‍ॅरोनं सिद्ध केलं. १९७२ चं अर्थशास्त्राचं नोबेल मिळालेल्या दोघांपैकी तो एक. भाच्याला हे सांगितलं तर तो म्हणाला, "म्हणजे आयोजकाला शिव्या देऊन फायदा नाही." बरोबर. थोड्या द्याव्यात.

कुणाच्या नजरेनं पाहायचं?

आकडेमोडीचं इतकं पुरे. मला या सगळ्यात गोडी लागली ती दुसऱ्याच भांडणामुळे: "चांगलं" म्हणजे कुणासाठी चांगलं?

व्हिएन्नाचं शोनब्रुन १७५२ चं. आज चालू असलेलं जगातलं सगळ्यात जुनं प्राणिसंग्रहालय ते हेच. त्याची मूळ रचना बघण्यासारखी आहे. मधोमध एक मंडप आणि त्याच्याभोवती, भाकरीचे त्रिकोणी तुकडे करावेत तसे, प्राण्यांचे वाडे. राजघराण्यानं मंडपात बसून न्याहारी करावी आणि मान वळवली की हवा तो प्राणी दिसावा, अशी सोय. सगळा आराखडा पाहणाऱ्याच्या खुर्चीपासून सुरू होतो.

१९०७ मध्ये हॅम्बुर्गजवळ कार्ल हागेनबेकनं गज काढून टाकले. गजांच्या जागी खोल खंदक, पुढं हरणं, मागं सिंह, आणि लांबून पाहणाऱ्याला मधला खंदक दिसतच नाही. लोक थक्क झाले. पण सोय अजून पाहणाऱ्याचीच होती. १९७० च्या दशकाच्या अखेरीस सिअ‍ॅटलच्या वुडलँड पार्कमध्ये गोरिलांसाठी दाट झाडोरा वाढवला आणि माणसांची वाट त्या झाडोऱ्यातून नेली, तेव्हा कुठं पारडं फिरायला लागलं: इथं घर प्राण्याचं, पाहुणे आपण. झुरिचमध्ये २००३ पासून मासोआला नावाचं ११,००० चौरस मीटरचं छताखालचं जंगल आहे. मादागास्करमधल्या त्याच नावाच्या राष्ट्रीय उद्यानाला ते संग्रहालय मदत करतं. आत लेमूर मोकळे फिरतात. तासभर फिरून एकही न दिसण्याची तयारी ठेवून जावं लागतं.

शौकिनांत यावरून दोन तट आहेत. भाच्याच्या भाषेत, एक 'लिस्टवाले' आणि दुसरे 'पिंजरेवाले'. लिस्टवाले प्रजाती मोजतात. १८४४ चं बर्लिनचं संग्रहालय त्यांचं पंढरपूर, कारण तिथं जे दिसतं ते इतरत्र नावालाही नसतं. पिंजरेवाले म्हणतात, शंभर प्रजाती कमी ठेवा, पण अस्वलाला खणायला माती द्या.

मी कुठल्या तटात, ते गोरेवाड्याला ठरलं. काटोल रोडवरून घरापासून जवळच, २६ जानेवारी २०२१ ला सुरू झालेली सफारी. सुमारे १,९१४ हेक्टरच्या प्रकल्पातला हा एक भाग. आम्ही डिसेंबरातल्या एका सकाळी गेलो होतो. बस वाघाच्या भागात शिरली, हळू झाली, थांबली. चालकानं डावीकडे बोट केलं. डावीकडे बांबूचं बेट आणि वाळलेलं गवत. अख्खी बस खिडक्यांवर ओणवी. "कुठं आहे? कुठं आहे?" मला दिसला तो एक कान. गवताच्या रंगाचाच, मागच्या बाजूला काळ्यात पांढरा ठिपका, आणि माशी बसली की फडकन हलायचा. बाकीचा वाघ बांबूमागं आडवा पडून होता आणि उठायचा त्याचा अजिबात विचार नव्हता. मागच्या सीटवरचे काका म्हणाले, "हे काय, पैसे पाण्यात! याच्यापेक्षा पिंजऱ्यातला बरा, दिसतो तरी!" भाच्यानं मात्र खिशातून वही काढली आणि लिहिलं, "लपायला जागा: आहे."

पिंजऱ्यातला दिसतो, हे खरंच. बऱ्याच वर्षांपूर्वी एका दुसऱ्या शहरात, नाव घेत नाही, मी एक वाघ पाहिला होता. पूर्ण दिसायचा, सगळा वेळ दिसायचा. आठ पावलं जायचा, वळायचा, आठ पावलं यायचा. वळताना त्याचा खांदा भिंतीला एकाच ठिकाणी घासायचा, आणि तेवढ्याच जागचा पिवळा रंग उडून खालचं सिमेंट तुकतुकीत झालं होतं. किती वर्षांच्या फेऱ्या असतील त्या! कोंडलेल्या प्राण्याचं असं एकाच चालीचं, बिनकामाचं फिरणं हे प्राणिवर्तनाच्या अभ्यासकांना धोक्याचं लक्षण वाटतं. गर्दीला मात्र त्यातच पैसे वसूल वाटत होते.

म्हणून अस्वलांच्या सामन्यात काय पाहायचं याची भाच्याची यादी मला पटली. अस्वल कुठं चढू शकतं का. खणायला जमीन मऊ आहे का, की सगळी फरशी. लोक एकाच बाजूनं पाहतात की चारी बाजूंनी घेरतात. आणि खाणं एका थाळीत येतं की शोधावं लागतं. आपलं विदर्भातलं अस्वल वारूळ फोडून वाळवी ओढून खातं. वरचे पुढचे दोन दातच नसतात त्याला, त्या फटीतून भस्सकन शोषून घेतं. अशा जनावराला दहा मिनिटांत संपणारी थाळी दिली तर उरलेला दिवस त्यानं करायचं काय? भोकं पाडलेल्या ओंडक्यात मध भरून ठेवला की त्याची दुपार कामात जाते. फोटोत हा ओंडका दिसला तर भाचा एक गुण जास्त देतो. मला वाटतं, योग्यच करतो.

हवामानाचं काय करायचं, यावर मात्र आमचं अजून जमलेलं नाही. नागपुरात मे महिन्यात पारा ४५ च्या पुढं जातो. महाराजबागेत तेव्हा पिंजऱ्यांवर हिरव्या जाळ्या चढतात, कूलर लागतात. भाचा म्हणतो, उन्हातला कूलर आणि थंडीतलं हीटर लावलेलं घर यांना सारखेच गुण. मी म्हणते, ज्याला दोन्ही लागत नाहीत असे प्राणी ठेवणाऱ्याला जास्त द्या. सिंगापूरला वर्षभर दमट उकाडा, तिथं ओरांगउटान झाडांवर मोकळे असतात. ते तिथं शोभतातही.

एक म्हणजे किती?

छोटीशी गोष्ट, पण भांडणं जुंपतात. सॅन दिएगोचं मूळ संग्रहालय शहरात, सुमारे शंभर एकरांचं. त्याच संस्थेचं १,८०० एकरांचं सफारी पार्क तिथून पन्नासेक किलोमीटरवर. दोन्ही मिळून एक संघ, की दोन? सिंगापूरची नाइट सफारी १९९४ पासून मूळ संग्रहालयाला लागूनच आहे, पण तिकीट वेगळं. बर्लिनमध्ये फाळणीमुळे पूर्वेला १९५५ मध्ये दुसरं संग्रहालय निघालं. भिंत पडली, देश एक झाला, संग्रहालयं दोनच राहिली. माझं मत: तिकीट वेगळं तर संघ वेगळा. व्यवहारी माणसाचा नियम आहे, पण निदान वाद मिटतो.

न पाहिलेल्याला मत

नागपूरच्या माणसानं पाहिलेली संग्रहालयं कोणती? महाराजबाग सगळ्यांनीच, शाळेच्या सहलीत रांगेनं. गोरेवाडा आता आता. हैदराबादचं १९६३ चं नेहरू प्राणिसंग्रहालय, कारण रात्री गाडीत बसलं की सकाळी तिथं. मुंबईची राणीची बाग, जमलं तर पुण्याचं कात्रज. चेस्टर किंवा ब्राँक्स पाहिलेला माणूस आमच्या ओळखीत नाही. उलटही खरं आहे: चेस्टरच्या मतदारानं गोरेवाडा पाहिलेलं नाही.

मतदार ज्या देशांतून जास्त येतात, त्या देशांतली संग्रहालयं लोकांनी डोळ्यांनी पाहिलेली असतात आणि बाकीची फोटोंत. डोळ्यांनी पाहिलेल्या जागेची आठवण पक्की असते. तिथं खाल्लेलं आइस्क्रीमसुद्धा मतात उतरतं. फक्त पाहिलेल्यांनीच मत द्यायचं म्हटलं तर लांबच्या सामन्यात चार मतं पडतील. सगळ्यांना मुभा दिली तर ज्याचे फोटो चांगले तो जिंकेल. सांख्यिकीत याला नमुन्यातला पक्षपात म्हणतात, आणि मतांची संख्या वाढवून तो जात नाही. एकाच बाजूनं झुकलेली दहा हजार मतं ही झुकलेलीच असतात.

काहीजण स्पर्धाच नको म्हणतात आणि बुद्धिबळासारखं रेटिंग ठेवा असं सुचवतात. नागपूरकरांसाठी हे सोपं आहे. जुलै २०२५ मध्ये आपल्या दिव्या देशमुखनं जॉर्जियातल्या बातुमीत महिलांचा विश्वचषक जिंकला, अंतिम फेरीत कोनेरू हंपीला टायब्रेकमध्ये हरवून. तो विश्वचषक बाद फेरीचा: त्या तीन आठवड्यांत कोण टिकलं, एवढंच तो सांगतो. रेटिंग ही वेगळी चीज. अर्पाद एलो या प्राध्यापकानं ती बसवली आणि जागतिक महासंघानं १९७० मध्ये स्वीकारली. तत्त्व साधं आहे. आपल्याहून वरच्याला हरवलं तर भरपूर गुण मिळतात, खालच्याला हरवलं तर चिमूटभर, आणि खालच्याकडून हरलं तर चांगलाच फटका. दोघांत दोनशे गुणांचं अंतर असेल तर वरच्यानं शंभर डावांत सुमारे ७६ गुण (डाव जिंकला तर एक, बरोबरीला अर्धा) कमवावेत अशी अपेक्षा असते.

संग्रहालयांना हे लावता येतं, आणि बरीच वर्षं सामने होत राहिले तर एखाद्या विचित्र आठवड्याचा परिणाम धुऊनही निघतो. अडचण दोन ठिकाणी येते. बुद्धिबळाचा पट दहा वर्षांनीही चौसष्ट घरांचाच असतो. संग्रहालय मात्र जुना वाडा पाडून नवा बांधतं, हत्ती दुसरीकडे पाठवतं. आणि आपल्या आत्या-मामा-भाचीच्या गोलाला एकाच सरळ पट्टीवर बसवायचं म्हटलं की रेटिंग तिघांनाही सारखेच गुण देऊन मोकळं होतं.

मतदाराला न दिसणारी बाजू

आपल्या सरकारचीही एक मोजणी आहे. प्राणिसंग्रहालयांना मान्यता देणारं केंद्रीय प्राधिकरण १९९२ चं. त्यांच्या मूल्यमापनात २०२२ मध्ये पहिलं आलं ते दार्जिलिंगचं पद्मजा नायडू हिमालयन प्राणी उद्यान, ८३ टक्के. दुसरं चेन्नईजवळचं वंडलूर ८२, तिसरं म्हैसूर ८०. दार्जिलिंगचं संग्रहालय आकारानं लहान, ७० एकरसुद्धा नाही. लिस्टवाल्यांच्या स्पर्धेत ते पहिल्या फेरीत बाद होईल. पण हिमबिबट्या आणि लाल पांडा यांची तिथं पैदास होते, आणि तिथले लाल पांडा सिंगालीला राष्ट्रीय उद्यानात सोडलेही गेले आहेत.

ही बाजू मतदाराला तिकीट काढून दिसत नाही. कॅलिफोर्नियाच्या कोंडोर गिधाडांपैकी शेवटचा जंगली पक्षी १९८७ मध्ये पकडला, तेव्हा जगात उरले होते २७, सगळे पिंजऱ्यात. सॅन दिएगो आणि लॉस एंजेलिसच्या संग्रहालयांनी त्यांची पैदास केली आणि १९९२ पासून पक्षी पुन्हा आकाशात सोडले. प्रागचं संग्रहालय प्रझेवाल्स्की या मंगोलियाकडच्या रानघोड्यांची जगभरची वंशावळ सांभाळतं, आणि २०११ ते २०१९ या काळात त्यानं विमानानं घोडे मंगोलियाला पोचवले. आता सांगा, रिकामा झालेला तबेला पाहून प्रेक्षक किती गुण देईल?

वाईट गोष्टीही मागच्या दारानंच येतात. डिसेंबर २०२४ मध्ये गोरेवाड्याच्या बचाव केंद्रात तीन वाघ आणि एक बिबट्या बर्ड फ्लूनं दगावले. विलगीकरण, खाण्याच्या मांसाची तपासणी, पशुवैद्यांची धावपळ हे सगळं सफारीच्या बसमधून दिसत नाही, आणि फोटोंतून तर नाहीच नाही. भाच्याला मी सुचवलं की एक फेरी फक्त संवर्धनाची ठेव. त्यानं ठेवली. मतं सगळ्यात कमी त्याच फेरीत पडली, कारण त्यासाठी वाचावं लागतं.

आमच्या बिल्डिंगचा चषक

हे सगळं कळल्यावर गप्प बसवेना, म्हणून आम्ही बिल्डिंगच्या ग्रुपवर आठ संग्रहालयांची छोटी स्पर्धा घेतली. सात सामने, पाच गुणांची वाटणी, कारण लिहिणं सक्तीचं. दुसऱ्याच दिवशी तिसऱ्या मजल्यावरच्या मुलानं हैदराबादसाठी आपल्या मामेभावांना ग्रुपमध्ये घुसवलं, बारा मतं एका तासात, आणि सगळ्यांचं कारण एकच, स्पेलिंगच्या चुकीसकट. ती मतं रद्द केली तर त्याची आई दोन दिवस लिफ्टमध्ये माझ्याशी बोलली नाही.

महाराजबागेला आम्ही मुद्दाम घेतलं होतं. भोसल्यांची बाग, इंग्रजांच्या काळात झालेलं प्राणिसंग्रहालय, आता कृषी विद्यापीठाकडे. सीताबर्डीच्या गर्दीत जागा ती केवढी उरणार! सोडतीत पहिल्याच फेरीत गाठ पडली सिंगापूरशी. भाचा म्हणाला, "गेलं आपलं." पिंजरेवाले, लिस्टवाले, सगळे सिंगापूरकडे वळले.

आईला मोबाइलवर मत देता येत नाही, म्हणून मी तिचं मत विचारायला स्वयंपाकघरात गेले. ती सांबार, म्हणजे कोथिंबीर, निवडत होती. सिंगापूरचे फोटो दाखवायला मी फोन पुढं केला, तिनं हात ओले आहेत म्हणून बाजूला सारला.

"महाराजबाग. पाच-शून्य."

"आई, कारण लिहावं लागतं."

"लिही, तुझे बाबा आणि मी लग्न ठरल्यावर पहिल्यांदा तिथंच भेटलो. माकडांच्या पिंजऱ्यासमोर." मग थोडं थांबून, "समोर कोण आहे?"

मी सांगितलं.

"बरं," ती म्हणाली, आणि निवडलेला सांबार धुवायला घेतला.